अखंड पंचवीस गणना

२ डिसेंबर, सकाळी ७
सुवार्तेने दिनारंभ. आमच्या पक्षिमित्र मंडळाने 'अखंड सेवा सन्मान' घोषित केला. औंधपलीकडच्या आमच्या तलावावर सलग पंचवीस वर्षे हिवाळी पक्षिगणना करणाऱ्यास तो मिळेल. असा मनुष्य साऱ्या साताऱ्यात एकच. विनयास्तव नाव लिहीत नाही.
संकल्प : भाषण लिहिणे. पाच मिनिटे. फार तर वीस.

५ डिसेंबर
पंचवीस फॉर्मांची फाइल सिद्ध. शेवटची चार वर्षे गुडघ्यांच्या असहकारामुळे तलावावर प्रत्यक्ष गमन घडले नाही, ही केवळ तांत्रिक बाब. पट्टकदंब हे हंस हिमालय ओलांडून दरसाल येतात. इतका परंपरानिष्ठ पक्षी संख्या कशाला बदलेल? म्हणून आदल्या वर्षीच्या आकड्यात किंचित फेरफार करून ३१२, ३०९, ३१५, ३११ अशी नोंद केली. निसर्गात चढउतार असतोच.
संयोगिताबाई (आमच्या सहधर्मचारिणी) म्हणाल्या, घरात बसून मोजलेले पक्षी घरातच ठेवावेत. विज्ञान हा त्यांचा प्रांत नव्हे.

१४ डिसेंबर, दुपारी
सांगलीहून मंडळाच्या सचिव ताहेरा मुल्ला यांचा फोन. वयाने तीस, शिस्तीने साठ. सन्मान मलाच. माझे आकडे गौरवपुस्तिकेत छापूनही झाले. अभिनंदनाचा स्वर शुष्क. मत्सर असावा.

२१ डिसेंबर
तलावावर मासे धरणारा ज्ञानू अकस्मात घरी. तिथे चार वर्षे चाचणी म्हणून चालणाऱ्या मोटारबोटींना आता कायमचा परवाना मिळायचा आहे. ३ जानेवारीला साताऱ्यात सुनावणी. म्हणाला, "मास्तर, बोटी आल्या तवापास्नं एक बी पाखरू उतरलं न्हाई. तुमी मोजनारं मानूस. तुमी सायबास्नी सांगा."
त्यास चहा पाजला. सन्मान सोहळ्याचे निमंत्रणही दिले. अशिक्षिताचे निरीक्षण शास्त्रशुद्ध नसते. हा गृहस्थ पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तलावावरच असतो. समग्र दृष्टी येणार कुठून?

२९ डिसेंबर
ताहेराबाई स्वतः हजर. मंडळ परवान्यास विरोध करीत आहे आणि बोटींच्या ठेकेदाराने पुरावा म्हणून आमचीच पुस्तिका जोडली आहे. बोटी आल्या, हंस तितकेच राहिले, सबब बोटी निरुपद्रवी.
चहाला हात न लावता म्हणाल्या, "सर, ही चार वर्षं तुम्ही तलावावर गेला होतात ना? नसाल तर आज सांगा. मी पुस्तिका मागं घेते. सन्मान जाईल, पण तलाव राहील."
मी म्हणालो, गेलो होतो.
सदऱ्याला इस्त्री करून झाली होती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

३ जानेवारी, सायंकाळी
सुनावणीस अनुपस्थित. गुडघे. परवाना कायम झाला. निर्णयात माझ्या चारही आकड्यांचा उल्लेख असल्याचे ताहेराबाईंनी एका ओळीत कळवले. सरकारदरबारी प्रथमच माझ्या कार्याची दखल.

११ जानेवारी, सांगली
सन्मान स्वीकारला. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. मानपत्र ताहेराबाईंनी वाचले; आकडे आले तिथे थांबून पाणी प्यायल्या. वीस मिनिटांचे भाषण दोन मिनिटांत आटोपले. ज्ञानू शेवटच्या रांगेत होता. धुतलेला सदरा, मांडीवर टोपी. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. जाळे ओढून हात सोलले असावेत.
परतताना एसटीत संयोगिताबाईंनी शाल पिशवीत घातली.

१८ जानेवारी, सकाळी ११, तलावाचा बांध
सव्विसावी गणना. शाळेत रजा टाकली. फाट्यापासून अर्धा तास चाललो. गुडघे व्यवस्थित चालले. हे नोंदवताना संकोच वाटतो.
दुर्बिणीतून तीन तास. मोटारबोटी : चार. हंसाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या नावा : सहा. पट्टकदंब : शून्य. पुन्हा मोजले. शून्य.
ज्ञानू शेजारी येऊन बसला. पाण्याकडे बघत म्हणाला, "चार वरसं वाट बघितली, मास्तर. दरसाल वाटायचं, औंदा तुमी याल, मोजाल, वर कळवाल. म्हनून आमी बी कुटं बोललो न्हाई."
मी पिशवीतून गणनेचा फॉर्म काढला.
फॉर्ममध्ये 'मागील वर्षापेक्षा घट असल्यास कारण' असा रकाना आहे. मागील वर्ष ३११. आधी 'हवामान' लिहिले. खोडले. मग माझे नाव लिहिले. खाली 'निरीक्षक' असा रकाना आहे. तिथेही तेच लिहावे लागले.
फॉर्म अजून पाठवलेला नाही.