अकरा एकर भाकरी

आणि पुन्हा सांगतो मामा, यात माझी चूक नाही. तो फोटो मी आईला दाखवायला पाठवला होता. मागे काही लिहिलं नाही एवढा दोष माझा धरा, पण तो घेऊन सोनईला माझ्यासाठी मुलगी बघायला जा आणि पाहुण्यांपुढे ‘ही आमच्या भागवतची अकरा एकर’ म्हणा, असं मी कुठं सांगितलं होतं? (रागाच्या भरात नमस्कार राहिला, तो इथं घ्यावा. गुडघा कसा आहे? आईला सांगा, मी वेळेवर जेवतो.) फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

मामा, ती जमीन नाही. आईनं निघताना बांधून दिलेली बाजरीची भाकरी आहे. इथं कोचीत मी ज्या मॅडमकडे सामान उचलायला आहे, त्यांचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, मधे हार्मोनियमसारखा भाता, मागे काच. काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचं (तुम्ही म्हणाल, नवरीसारखं, असू द्या), आणि काचेवर सगळं उलटं दिसतं. फिल्म पोस्टकार्डाएवढी आणि महाग. मॅडमनी माझ्या डब्यात उरलेला चतकोर बघितला, म्हणाल्या, ठेव टेबलावर. मी म्हटलं, वाळलाय. म्हणाल्या, म्हणूनच.

जवळून काढायचं तर भाता ओढत न्यायचा. दुप्पट ओढला की वस्तू आहे तेवढीच काचेवर उतरते, पण उजेड चौपट लागतो, म्हणजे झडप चौपट वेळ उघडी ठेवायची आणि तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. पुढचं भिंग सरकवलं तर भाकरीच लहानमोठी होते, म्हणून मागची काच केसभर पुढंमागं करायची. दिवा बाजूनं, अगदी आडवा, मावळतीच्या उन्हासारखा. पंखा बंद. मी कापडात शिरलो आणि मामा, मला आपलं शिवार दिसलं. भेगा, बांध, करपलं तिथं काळं रान, आणि कडेनं आईच्या बोटांचे ठसे, नांगरटीसारखे एकामागं एक. जन्मभर खाल्ली, बघितली कधीच नव्हती. मॅडमनी झडप उघडली, सेकंद मोजायला लागल्या, तोच टेबलावरचा माझा मोबाईल थरथरला. तुमचाच फोन (विचारायला, की मी कामात आहे का). भाकरीला भूकंप झाला, फिल्म गेली. दुसरी घातली, तिचा हा फोटो.

इथं चांगली शिकलेली माणसं तो बघून चंद्र म्हणाली, वाळवंट म्हणाली. आणि तुम्हीच सांगता, तुम्ही बोटानं विहिरीची जागा दाखवत होता, तेवढ्यात ती मुलगी, निकिता, चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, “आवं, ही तर भाकर हाय. तवा लई तापला हुता.” तुम्ही चहा न घेता उठलात. आता त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणता, तर नका लावू. मलाही लग्नाची घाई नाही.

तुमचा,
भागवत

ता.क. घाई आहे. जिला कापडाखाली न जाता दिसलं, तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही. सोनईला परत जा आणि खरं ते सांगा: दीड एकर, कोरडवाहू, मुलगा आठवीपर्यंत. उरलेले साडेनऊ एकर माफ करा म्हणावं.

ता.क. दुसरा. मॅडमना भाकरीची दुसरी बाजू काढायची होती, पण ती मी फोटोनंतर खाल्ली. निकिताच्या हातची एक मागून घ्या. दिली तर होकार समजा आणि कुरिअर करा, मधे कुणी खाऊ नका. परतीचं भाडं भाकरी पोचल्यावर. तिसगाव ते सोनई जाण्याचं, पासष्टीमुळं तुमचं तिकीट अर्धं धरून, पाठवतोय रुपये साठ.