कणकेचा समुद्री साप

अण्णा, आज पोळ्यांची कणीक मळताना तुमची फार आठवण आली. ओरछा गेटजवळचं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तुम्ही शाळेत शिकवून येता, हातपाय धुता, आईच्या परातीतला एक गोळा उचलून त्याची लांब वळी करता आणि शेपटाकडचं टोक दोन बोटांत दाबून वल्ह्यासारखं चपटं करता. सांगता, हा समुद्री साप, खाडीच्या गढूळ पाण्यात राहतो, शिंगाळे मासे खातो. श्वासासाठी मात्र त्याला वर यावंच लागतं. अंडी घालत नाही, पाण्यातच पिल्लांना जन्म देतो. आई हसून म्हणते, सापाची आता पोळी होऊ द्या, पोरगी उपाशी आहे.

झाशीत आम्हाला विषारी साप माहीत होता तो करैत, म्हणजे मण्यार; समुद्री साप नुसता गोष्टीतला. म्हणून एकदा तुम्ही विचारलंत, समुद्री साप चावला तर काय होतं, तेव्हा मी बेफिकिरीने म्हटलं, काही नाही, तुम्हीच सांगता ना, सूजसुद्धा येत नाही. एरवी तुमचा आवाज कधी चढायचा नाही. त्या दिवशी चढला.

"दिसत नाही म्हणून नाही, असं पुन्हा म्हणायचं नाही."

मी रुसून जेवले नाही. संध्याकाळी तुम्ही सायकलवरून सदर बाजारात नेऊन मला कुल्फी खायला घातलीत, पण शब्द काही मागे घेतले नाहीत.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी कोकणातल्या एका लहान दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. एका सकाळी, जाळं ओढताना साप चावलेला खलाशी आला. पायावर टोचल्याएवढी खूण. सूज नाही, ठणका नाही. तो म्हणत होता, बाय, माका घराक जाऊ दे. मी सोडलं नाही, तो चिडला. दुपारी त्याची मान आखडली, जबडा उघडेना, लघवी काळ्या चहासारखी झाली. मी त्याच्यासोबत गाडीत बसून मोठ्या इस्पितळात गेले. तिथे त्याला डायलिसिसवर ठेवलं आणि तो वाचला.

पुढे तो आपल्या पायांनी चालत भेटायला आला. हे कोणी शिकवलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी.

"खंयच्या बंदरावरचे ते?"

अण्णा, हे पत्र कपाटातच राहणार, म्हणून सांगते. तुम्ही समुद्र कधी पाहिलाच नाही, हे मला त्याच्यापुढे बोलवेना. मी म्हटलं, इथलेच.