हस्तलिखितातलं लाल

२ डिसेंबर
आजपासून तारीखवार नोंदी. पुढच्या संशोधकांना लागतील.

पुसद स्टँडमागे जहीरभाई रेडिएटर दुरुस्त करतात. त्यांच्या घरी हस्तलिखित पाहिलं. फारसी, वैद्यकाचं, पाचशे वर्षांचं. मजकूर काळा, प्रत्येक रोगाचं नाव लाल. फारसी मला येत नाही, पण रसायनाला भाषा नसते. बघताक्षणी ओळखलं: लाख. पळसावरच्या किड्याची, आपल्या यवतमाळच्या जंगलातली. इराण नाही, तुर्कस्तान नाही.

जहीरभाईंच्या आई, जमिलाबी. त्यांचे वडील हकीम होते, आता दवा त्याच देतात. लाल रंगाबद्दल काही सांगत होत्या. म्हटलं, चहा थंड होतोय. ऐकीव माहिती शास्त्रात चालत नाही.

अट: ग्रंथ घराबाहेर जाणार नाही, ब्लेड लागणार नाही. शब्द दिला.

४ डिसेंबर
हैदराबादच्या परिषदेला सारांश पाठवला. ‘लाखच’ असं लिहिलं. चाचणी बाकी आहे, पण ती फॉर्मॅलिटी. बायको म्हणाली, आधी चाचणी, मग कागद, असं नसतं का? बबिता शिवणक्लास घेते. तिला समजावलं की माप आधी घ्यावं लागतं ते अंदाज नसलेल्यांना. जेवण झाकून ती शेजारी गेली.

९ डिसेंबर
ब्लेड वापरावं लागलं. मोहरीएवढाच रंग खरवडला. सर्वांत गडद मथळा निवडला: खोकला. शगुफ्ताने पाहिलं. जहीरभाईंची मुलगी, आमच्या कॉलेजात माझ्याच हाताखाली एम.एस्सी. करते. तिने पान मिटून ठेवलं. समजूतदार आहे.

१२ डिसेंबर, सायं. ५
तीनदा तपासलं. इओसिन. म्हणजे दुकानातली लाल शाई. मशीन बरोबर आहे. माणसं खोटी निघाली.

१३ डिसेंबर
जाब विचारला. जमिलाबी म्हणाल्या, घरचा रिवाज आहे. रोगी बरा झाला की त्या रोगाचा मथळा नव्या शाईने गिरवायचा, बाजूला रोग्याचं नाव घालायचं. मथळा फिका राहिला तर दवेला गुण येत नाही. खोकल्याचा मथळा मागच्या हिवाळ्यातच गिरवला होता.

आधी का नाही सांगितलं, विचारलं.

‘सांगून राह्यलती न सर. तुमीच म्हणले, चाय थंडी होऊन राह्यली.’ मग ते पान उघडून त्यावर बोट ठेवलं. ‘अन् इथं ब्लेड लावलं तुमी.’

विषय बदलायची या घराला सवय आहे.

परिषदेला ई-मेल: मालकांनी फसवलं, पेपर मागे घेतो. ज्याच्यावर विश्वास टाकावा तोच दगा देतो. यापुढे कुणावरही विश्वास नाही.

१४ डिसेंबर
शगुफ्तावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ती म्हणते, एक मथळा कुणीच कधी गिरवलेला नाही. बोट लागणे: समुद्रावर होणारी मळमळ आणि उलट्या. पुसदहून जहाजात कोण बसणार? मूळ लाल तिथे तसंच आहे.

परिषदेला दुसरा ई-मेल: मागे घेतलेला पेपर पुन्हा पाठवतो. नागपूरला मित्राकडे यंत्र आहे, हात न लावता रंग ओळखतं. दोन दिवसांसाठी देतोय. तो जुना मित्र आहे, त्याचा अपवाद.

१८ डिसेंबर
नागपूरहून एसटीने परत. यंत्र मांडीवर. दिग्रसनंतर ढवळायला लागलं. तीन वेळा उलटी. यंत्र वाचलं, शेजारचे गृहस्थ नाही वाचले. स्टँडवर जहीरभाईंनी धरून घरी नेलं. जमिलाबींनी ग्रंथ उघडला, चष्मा लावून बराच वेळ वाचलं, मग अनारदाणा-पुदिन्याचं सरबत दिलं. दहा मिनिटांत उभा राहिलो. अगदी बरा झालो, असं मोकळ्या मनाने सांगितलं. त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. खेमसिंग, म्हटलं. कुटुंबाची चौकशी करणं ही चांगल्या माणसांची खूण.

त्यांना माफ केलं. उद्या मोजणी.

१९ डिसेंबर
बोट लागण्याचं पान उघडलं. मथळा लालभडक. शाई अजून चकाकत होती. समासात काहीतरी लिहिलेलं. जमिलाबींनी वाचून दाखवलं. माझं नाव होतं.

‘काहून केलं हे?’ माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

‘तुमाले गुण आला न, सर? पाचशे सालात त्या पानाचा पयला रोगी. अब्बा असते तर गावभर पेढे वाटले असते.’

जहीरभाईंनी पेढा पुढे केला. खाल्ला. यंत्र लावून पाहिलं. इओसिन.

२० डिसेंबर
परिषदेचं उत्तर: मागे घेतलेला पेपर पुन्हा घेता येत नाही. बबिताला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, पण मळमळ थांबली ना?

५ फेब्रुवारी
परिषदेत हस्तलिखितावरचा पेपर झाला. शगुफ्ताचा. पानांच्या शिवणीत आपोआप गळलेले लाल कण ती नोव्हेंबरपासून ब्रशने टिपत होती, बोट लागण्याच्या पानाचेही. परगावच्या प्रयोगशाळेतून तपासून आणले. गिरवलेल्या मथळ्यांत थरावर थर. सर्वांत खाली लाख. बोट लागण्याच्या जुन्या कणांत फक्त लाख. माझी लाख.

मला अंधारात का ठेवलं, विचारलं. म्हणाली, ‘दोनदा केबिनमध्ये आलती, सर. तुमी म्हणले, कचऱ्यातून काई सिद्ध होत नाई.’

असं कुणी शब्दशः घेतं का?

पेपरात माझं नाव शोधलं. लेखकांत नाही. आभारांत नाही. तिसऱ्या तक्त्यात शेवटच्या ओळीत सापडलं. बोट लागणे, वरचा थर, दुकानातली शाई, दिनांक १८ डिसेंबर, रोगी इंद्रजीत वल्द खेमसिंग, एसटीत उलट्या, गुण आला.