न पाहिलेला प्रसंग

जयपूर, ३ ऑक्टोबर

तीर्थरूप आप्पा, तुमच्या द्वारकाचा नमस्कार.

मला डेंग्यू होऊन गेला. तुम्ही घाबराल म्हणून कळवलं नव्हतं. आता ताप नाही, भूकही लागते. तुमच्या जावयाने, संकल्पने, रेल्वेच्या नोकरीतून रजा काढून चार दिवस स्वयंपाक केला. तुमचा गुडघा कसा आहे?

पडल्यापडल्या मी प्रणालीला आपला जुना विनोदी मराठी सिनेमा दाखवला. लहानपणी मला ताप आला की तुम्ही त्याचीच कॅसेट लावायचात. प्रणालीला इथे हिंदीचीच सवय, ती सारखी विचारत होती, "मतलब काय, आई?" मी सांगत होते, तेवढ्यात सिनेमातली आई वारली.

आप्पा, हा प्रसंग मी कधी पाहिलाच नव्हता. तिथे आलं की तुम्ही "टेप अडकली" म्हणून उठायचात आणि कॅसेट पुढे पळवायचात. आपली आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, मला शंकासुद्धा आली नाही.

प्रणाली म्हणाली, "रडतेस का? परत ताप आला?" तिला जवळ घेऊन मी तो प्रसंग पुरा पाहिला.

इतके सिनेमे असताना तुम्ही हाच का लावायचात? आईला आवडायचा का? पत्रानेच कळवा. फोनवर आईचा विषय निघाला की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता.

तुमची,
द्वारका