वरच्या पायऱ्या आणि खालच्या पायऱ्या

ती. ताईंस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे सध्या या प्रकारात भाग घेत नाहीत, ते सोडून.) तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं सूनबाईंकडून कळलं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. मी बरा आहे. ही गेल्याला सात महिने झाले. घर जरा मोठं वाटतं, बाकी काही नाही.

पत्राचं कारण, मी त्या सिनेमाच्या शहरात जाऊन आलो. ज्याच्या शेवटी नायिका ट्रंक घेऊन दगडी पायऱ्या उतरत धावते आणि ज्या पायऱ्यांवरून तुम्ही दोघी बहिणी एकतीस वर्षं भांडलात, तोच सिनेमा. तुमचं म्हणणं, पायऱ्या वाचनालयाजवळच्या. हिचं म्हणणं, पोस्टामागच्या. दोघींचा पुरावा मासिकांतली कात्रणं. ते शहर दोघींनीही पाहिलेलं नाही, असं मी एकदाच म्हणालो होतो आणि त्या दिवशी मला दोन्ही घरांत चहा मिळाला नव्हता. शेवटच्या आठवड्यात हिने मला हॉस्पिटलात बजावलं, "जाऊन बघा, आणि ताईला पुराव्यानिशी कळवा." म्हणून गेलो. (सिनेमा मी हिच्याबरोबर अकरा वेळा पाहिला. पण पायऱ्या शेवटी येतात आणि मला झोप मध्यंतरानंतर लागते.)

जन्म जमीनमोजणीत गेलेला, त्यामुळे पोस्टामागे पोचताच टेप काढून पायऱ्या मोजू लागलो. तिथेच चूक झाली. लोकांना वाटलं, जिना पाडायला सरकारी माणूस आला. दहा मिनिटांत माझ्याभोवती अख्खी गल्ली. एका आजीबाईंनी गळक्या नळाची तक्रार लिहून घ्यायला लावली. (घेतली. नाही म्हणवेना.) शेवटी पायथ्याच्या दुकानातले शिंपीकाका बाहेर आले. त्यांना खरं कारण सांगितलं, तर म्हणाले, "अहो साहेब, मोजता काय? धावायला लागते ती इथूनच. पण खाली आमचं दुकान, आणि वडील मशीन हलवायला तयार नव्हते. मग शेवटच्या पायऱ्या वाचनालयापाशी घेतल्या आणि दिल्या जोडून."

म्हणजे ताई, ती निघते हिच्या पायऱ्यांवरून आणि पोचते तुमच्या पायऱ्यांवर. एकतीस वर्षं दोघीही बरोबर होतात, आणि हे सांगायला आता एकच बहीण उरली. मी दोन्ही जिने उतरलो. वाचनालयाच्या शेवटच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. (गुडघ्यांमुळे.)

थेंब विसरू नका.

तुमचा मेहुणा

ता. क. वरच्या पायऱ्यांवर हिची तसबीर ठेवून फोटो काढला, तो सोबत आहे. खालच्या पायऱ्यांवर उभं राहायला माणूस नव्हतं. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की कळवा. ट्रंक मी उचलीन.

ता. क. दुसरा. काल हिची कात्रणं लावत होतो. एकाच्या पाठीवर हिच्या अक्षरात लिहिलंय, 'शेवटच्या पायऱ्या ताईच्याच. तिला सांगायचं नाही.' तारीख बावीस वर्षांपूर्वीची. मग मला एवढ्या लांब कशाला पाठवलं? तुम्ही तिच्या थोरल्या बहीण. उलगडा झाला तर भेटीत मलाही सांगा.