वाडीतल्या विहिरीचं पाणी

उत्तन,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय एल्सा,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? तुझ्या ॲमंडाने फोनवर सांगितलं की तू लिफ्ट बंद असली तरी तीन मजले चढतेस आणि कुणी हात दिला की रागावतेस. ऐकून बरं वाटलं. म्हणजे तू आहेस तशीच आहेस.

आमच्याकडे सगळे ठीक. तुझ्या दादाला, कॅजिटनला, बहात्तरावं लागलं. कान थोडे कमी झालेत, पण मासळीवालीने भाव किती सांगितला ते त्याला शेजारच्या अंगणातून ऐकू येतं. मी अजून सकाळी तळ्याला फेरी मारते. तू आता तळं ओळखणार नाहीस. काठाने फरशी घातलीय, बाकं ठेवलीत, संध्याकाळी निळे-जांभळे दिवे लागतात. रविवारी मिरा रोडची पोरं स्कूटरवरून येतात, आधी तळ्यापाशी फोटो, मग किनाऱ्यावर फोटो. परवा एकीने मला विचारलं, "आंटी, यहाँ पहले क्या था?" मी म्हटलं, "यहीच था." मग वाटलं, हे काही खरं उत्तर नाही. शाळा सुटली की आपण दोघी बूट हातात घेऊन याच काठाने यायचो. एकीकडे म्हशी डुंबायच्या, दुसरीकडे बायका कपडे आपटायच्या आणि पुढे वलांडीच्या बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास आला की घर आलं असं समजायचं. सिस्टर म्हणायच्या, "यू टू स्मेल लाइक द सी." एकदा तू मान वर करून म्हणालीस, "थँक यू, सिस्टर." मी आठ दिवस हसत होते.

त्याच सिस्टरनी शिकवलं होतं, पत्रात आधी चौकशी, मग हवापाणी, मग काम. मी हवापाण्यावरच रेंगाळतेय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

तर काम. आमच्या डॅनियलचं लग्न ठरलं. शनिवार, २७ डिसेंबर. मुलगी नीलम, शांती नगरची, तुझ्या पूनम सागरपासून चालत जाण्याएवढी जवळ. घरचे मूळचे गिरगावचे. हे पत्र तीच घेऊन आलीय. तिला चहा दे, साखर कमी. आत काय लिहिलंय ते तिला ठाऊक नाही.

पोरीला प्रश्न फार. आमच्या भिंतीवरचे फोटो पाहून तिने अर्ध्या गावाचा इतिहास काढून घेतला. हे लुगडं असं का, लग्नाच्या आदल्या दिवशी फुग्या कोण तळतं, अंगाला नारळाचा रस कशाला चोळतात. कॅजिटन खूश. एवढं बोलताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो सांगत होता, "लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायाचं. मेणबत्ती पेटवायची, पाणी काढायचं, त्याच पाण्यानं नवरदेवाची अंघोळ. उंबराचं पाणी म्हणतात त्याला."

"काढतं कोण?"

"नवरी असली तर मामी. नवरदेव असला तर आत्या."

"मग डॅनियलच्या आत्या कुठे असतात?"

कॅजिटन उठला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. त्या कोंबड्यांचं खाऊन झालं होतं.

एल्सा, उत्तन ते पूनम सागर दोन बसचं अंतर. त्याला एकोणीस वर्षं लागली. मयताला आपण भेटतो, चर्चमध्ये तू उजवीकडच्या बाकावर, तो डावीकडच्या. मी मधल्या वाटेवर उभी राहून तुला खुणेने "कशी आहेस" विचारते. आता मला तुला खूण करायची नाही, सांगायचं आहे.

२००६ चा मे आठव. तुमच्या इमारतीत टाकी आहे, विहीर नाही, म्हणून ॲमंडाचा मांडव माहेरच्या अंगणात पडला. मी मामी, पाणी काढायचा मान माझा. वाडीतल्या विहिरीवरून मी तुझ्या आईची तांब्याची कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि तळ्याच्या काठाने मिरवणूक घराकडे निघाली. बँडवाल्या लॉयडने ट्रम्पेट असा काही वाजवला की माझे पाय थांबेनात. तुला माझं नाचणं माहीत आहे. मागे पडले, एकटीच गिरकी घेतली आणि कळशी कलंडली. सगळं पाणी मातीत.

लग्नाचं पाणी सांडणं म्हणजे काय ते आपल्या बायकांना सांगायला नको. विहीर लांब राहिली होती, बँड पुढे गेला होता. मी वाकले, पदराचं टोक कळशीच्या तोंडाला लावून ती तळ्यात बुडवली आणि धावत जाऊन तुम्हाला गाठलं.

ॲमंडाची अंघोळ तळ्याच्या पाण्याने झाली. मे महिन्यातल्या तळ्याच्या. सकाळी तिच्या मानेवर लाल चट्टे उठले आणि अल्बममध्ये तिचे सगळे फोटो डाव्या बाजूचे आले.

मांडवात तू कॅजिटनला म्हणालीस, "दादा, विहीर उपसून घे म्हणून तीनदा सांगितलं होतं."

"उपसली गो. मी सोता उतरलो होतो."

"खोटं बोलू नकोस. पोरगी कोळंबीसारखी लाल झालीय."

पन्नास माणसांसमोर. तिथेच तुम्हा दोघांचं बोलणं तुटलं. मी त्याच्या शेजारी उभी होते, हातात फुग्यांचं ताट. एक वाक्य पुरलं असतं. मी ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेले.

आधी वाटलं, अपशकुन झाला म्हणून पोरीच्या मनात भीती बसेल. लग्नाला वर्ष झालं की सांगू. वर्ष झालं, मग तिला पहिला मुलगा झाला, मग दुसरा. तिचा संसार इतका छान चालला की अपशकुनाचं कारणही उरलं नाही. उरली फक्त माझी लाज. भाऊ-बहिणीचं भांडण मिटवायला मी नोव्हेना केल्या, मेणबत्त्या लावल्या. देव काय म्हणत असेल, की नोरा, मला कशाला सांगतेस?

आणखी एक तुला माहीत नाही. नळ आला त्याला कितीतरी वर्षं झाली. विहिरीचं पाणी आता कुणी पीत नाही. तरी कॅजिटन दर मे महिन्यात विहीर उपसतो. गेल्या दोन वर्षांपासून मी त्याला खाली उतरू देत नाही, तर काठावर खुर्ची टाकून माणसांकडून करून घेतो, शेवटची बादली वर आली की ओंजळीत घेऊन वास घेतो. मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, "सवय हाय."

आज मिसाहून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो जाळ्याचा तुटका भाग शिवत बसला होता. सुई थांबली. मला वाटलं, आता मलाही तुझ्या उजवीकडच्या बाकावर पाठवणार.

मग म्हणाला, "कनच्या काठाला भरलीस?"

"म्हशी बसायच्या त्या."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता, एल्सा. खोकला लागेपर्यंत. पाणी दिलं तर पेल्यात पाहून म्हणाला, "ह्ये कुठलं हाय?" आणि पुन्हा हसला. मग डोळे पुसून वाडीकडे गेला. मी मागोमाग गेले. विहिरीच्या काठावर हात टेकून तो आत बघत होता. माझ्याकडे न वळता म्हणाला, "म्हंजे माझी विहीर चांगली होती."

मी म्हटलं, "होती."

"मंग तिला लिव्ह. सांग, विहीर उपसलेली हाय."

माझ्यावर रागव. तुला तो हक्क आहे, त्याला तर दुप्पट होता. हवं तर मांडवात सगळ्यांसमोर बोल, मी ताट खाली ठेवून ऐकेन. पण दादावर आता रागावू नकोस, त्याने खरंच तुझं तीनदा ऐकलं होतं. आणि ॲमंडाला मी सांगू की तू? मला वाटतं ती तिच्या मामासारखी हसेल, तुझ्यासारखी लाल होणार नाही.

शुक्रवारी २६ ला चार वाजता बँड येईल. लॉयडच आहे, दात कमी झालेत पण ट्रम्पेट वाजवतो. तुझ्या आईची कळशी मी चिंचेने घासली, तिच्यात तोंड दिसतं. या वेळी ती तुझ्या डोक्यावर. मी मागून नाचेन, रिकाम्या हातांनी.

आत्या आली नाही तर डॅनियल नळाखाली अंघोळ करून लग्नाला उभा राहील, असं कॅजिटनने नीलमला बजावलं आहे. मी पाणी काढणार नाही. माझ्यावर या घरात आता कुणी कळशी सोपवणार नाही, आणि बरोबरच आहे.

मेणबत्ती आणलीय. आगपेटी तू आण, तुझ्याच हातून पेटेल.

तुझ्या लेकीला तळ्याच्या पाण्याने न्हाऊ घालणारी, तरीही तुझीच,
नोरा