ठमाईचं वांगं

माझ्या माय,

उद्या सकाळपासून आपल्या मळ्यात अमरावतीचे लोक फिरायला येणार. मळा म्हणतो ते सवयीनं. आता ती सरकारी बाग आहे, तिला लोखंडी फाटक आहे. त्या बागेत तुझ्या नावाची एक पाटी लागली आहे आणि पाटीखालचा वाफा रिकामा आहे. तो रिकामा का, हे तुला सांगितल्याशिवाय उद्या मला तिथं उभं राहवणार नाही. म्हणून लिहितोय.

हो, लिहितोय! तुझा किसन्या! झाडांच्या पाट्या रंगवायला माणूस हवा होता, म्हणून बागेच्या कारकुनानं मला अक्षरं शिकवली. मी रंगवलेली पहिली पाटी तुझीच. ‘ठमाईचं वांगं.’ बाजारात लोक हेच नाव घेऊन यायचे ना? हिरवट पांढरं, काटेरी देठाचं, भाजलं की घरभर वास सुटणारं.

माय, कापसानं आम्हाला वेड लावलं होतं. साता समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली, इथं कापसाचा भाव कडाडला आणि वऱ्हाडात जो तो बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालायला लागला. मीही वांगी, मेथी, कांदा सगळं उपटलं आणि विहिरीच्या काठापर्यंत कापसाची पराटी लावली. तू मोटेच्या धावेवर बसून नुसती बघत राहिलीस. एक मुस्कटात का नाही मारलीस गं? लहानपणी वाफा तुडवला तर मारायचीस. मग तेव्हाच हात का आवरलास?

तिसऱ्या साली मात्र तू बोललीस. चुलीवर टांगलेल्या वाळक्या भोपळ्यात जपलेलं वांग्याचं मूठभर बी पेरलंस आणि एकच रोप वर आलं. ते घेऊन माझ्यासमोर आलीस.

“किसन्या, भोपयातलं बी मरून राहिलं. पाटाच्या कडेले येवढं एक झाड राहू दे. याचं बी धरतो मी.”

“एका झाडानं काय होते माय?”

“एकानंच होते रे. सारं एकापासूनच होते.”

हसून हो म्हणालो. तुझं मन राखलं, असं वाटलं तेव्हा.

त्या झाडाला आलेल्या पहिल्याच चांगल्या वांग्याला तू लुगड्याची लाल चिंधी बांधलीस. बियाचं वांगं, त्याला कुणी हात लावायचा नाही. बाकीची किडली, गळाली. ते एकच टिकलं. पौषात तू अंथरूण धरलंस. तोंडाची चव गेली होती आणि सारखी भरीत मागत होतीस. मी बाजारातून वांगी आणली. तू घास घेतलास आणि तोंड फिरवलंस. मी म्हटलं, पाटावरचं तोडून आणतो. केवढी उसळलीस!

“मेली तरी चालते, पन बियाच्याले हात लावू नोको!”

आणि खरंच गेलीस.

दहाव्या दिवशी नाल्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर बसले होते चांगले आठ-दहा, पण एकही खाली येईना. मी हात जोडून काय काय बोललो! तुझ्या सुनेला नीट वागवीन, तुझ्या देवाला दिवा लावीन. काही नाही. ऊन चढलं. लोक काठावर चुळबुळायला लागले. तुझी सून हळूच म्हणाली, “मायचा जीव भरतात अटकला असंन.”

मलाही ते पटलं. मी मळ्यात धावत गेलो, चिंधी सोडली, वांगं तोडलं. ते पिवळं पडत आलं होतं, आणखी पंधरवडा राहिलं असतं तर बी पक्कं झालं असतं. पिंडाचा भात ज्यावर शिजवला ते निखारे अजून गरम होते. त्यावर मी ते भाजलं, सालीसकट चुरलं आणि पिंडाजवळ ठेवलं. कावळा लगेच आला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तुझी इच्छा पुरी झाली म्हणून मी पोटभर रडलो.

तुझं बी मी माझ्या हातानं निखाऱ्यावर भाजलं, माय.

पिंडापुढे एकच वाक्य बोलायचं होतं. ‘तुझं बी धरतो, माय.’ सगळी वचनं दिली, तेवढं सोडून. तू मरता मरता ओरडून सांगितलंस आणि माझ्या लक्षात काय राहिलं, तर भरीत!

पुढे ती लढाई थांबली आणि कापसाला कुणी पुसेना. नाल्याकाठचे मळे सरकारनं बागेसाठी घेतले, मला त्यातच माळ्याचं काम दिलं. बापाची कंबर जी हरळी उपटण्यात गेली, तीच आता मी रोज पाणी घालून वाढवतो. साहेबाला हिरवळ लागते. त्यानंच सांगितलं, एका वाफ्यात या मळ्यांचं जुनं पीक लावा, पूर्वी इथं काय होत होतं ते लोकांना दिसू दे. मी उड्या मारत घरी गेलो आणि भोपळा काढला. अर्धं बी पेरलं. नाही आलं. उरलेलं रात्रभर भिजवून, राख लावून पेरलं. रोज सकाळी वाफ्याशी उकिडवा बसून माती न्याहाळली. नाही आलं गं. एकही नाही. तुझ्या वांग्याचं बी शोधत अचलपूरपर्यंत जाऊन आलो. सगळ्यांनीच तेव्हा वांगी उपटून पराटी लावली होती.

काल कारकून म्हणाला, “अरे, बाजारातलं कुठलंही रोप आणून खोच. फिरायला येणाऱ्यांना काय कळतंय? रिकामा वाफा साहेबानं पाहिला तर तुझं काम जाईल.”

जाऊ दे.

तुझ्या नावाखाली दुसरं वांगं मी लावणार नाही. पाटीही काढणार नाही. उद्या फाटक उघडलं की त्या वाफ्याशी उभा राहीन, आणि जो कुणी विचारेल, “ठमाईचं वांगं कुठं हाय?”, त्याला सांगीन, “म्या भाजलं.” बागेत असेपर्यंत, विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगीन. हे वचन तरी पाळतो, माय.

तुझा,
किसन्या